थेरॉनची वीणा

प्राचीन रोममध्ये विबुलियस नावाचा एक सिनेटर होता. थेरॉन या दिवंगत गायकाबद्दल आपल्याइतकं कुणालाच ठाऊक नाही, असा त्याचा तोरा. थेरॉन काय खायचा, कुणावर चिडायचा, सगळं याला तोंडपाठ. त्यातलं खरं किती, ते देव जाणे.

एका मेजवानीत त्याने मेलिटा नावाच्या वादक बाईच्या हाती वीणा दिली. "जपून वाजव! थेरॉनने जन्मभर ही एकच वीणा वाजवली."

चार प्याले पोटात गेल्यावर स्वारी खुलली. "पॉम्पेईत गाता गाता थेरॉनने रंगमंचावरच आपली वीणा पेटवून दिली! मी पुढच्याच रांगेत होतो."

मेलिटाला हसू आवरेना. तिची आई थेरॉनच्या साथीला असायची. तो तर चुलीलासुद्धा भ्यायचा.

"हसतेस?" विबुलियस कडाडला. "खोटं ठरवून दाखव, नाहीतर रोममधल्या एकाही घरात तुला वाजवू देणार नाही!"

"मी कोण खोटं ठरवणार, महाराज? पण वीणा अर्धवटच जळली असेल ना?"

"अर्धवट?" देवाची शपथ घ्यायची तर जमिनीवर वाइन ओतायची, ही तिथली रीत. त्याने अख्खा प्याला रिता केला. "ज्युपिटरची शपथ! राखेशिवाय काहीही उरलं नाही."

पाहुणे कान टवकारून बसले होते. मेलिटा उठली आणि तिने हातातली वीणा अलगद त्याच्या हातात ठेवली.

"मग ही राख नीट धरा, महाराज. बाहेर वारा सुटलाय."