दोन बोटं सैल

घोड्यांचा जमाना सरला आणि माणसं मोटरसायकली सजवायला लागली, तेव्हाची गोष्ट. शकूर मिस्त्रीने एक जुनी गाडी शर्यतीसाठी पार नवी करून टाकली. मोठा सायलेन्सर, रुंद टायर, कडक स्प्रिंग. चेन मात्र त्याने दोन बोटं सैल ठेवली.

"आम्ही बघा कसे ताठ! आणि ही धुण्याच्या दोरीसारखी लोंबतेय," सायलेन्सर म्हणाला. सगळे फिदीफिदी हसले.

चेन हिरमुसली. "मिस्त्री, मलाही ताणा ना!" तिने हट्टच धरला.

"फिटू दे तुझी हौस," म्हणत मिस्त्रीने तिला तारेसारखी ताणली आणि तो ट्रायल मारायला निघाला. पहिल्याच खड्ड्यात मागची स्प्रिंग दबली, चाक वर उसळलं आणि चेन किंचाळली, "मेले! तुटले!"

मिस्त्रीने तिथेच पाना काढून तिला सैल केलं. "चाक उसळलं की तू आणखी ताणली जातेस, तेव्हा लागते ही सैल जागा."

मग खड्डा येवो की गतिरोधक, चेन झोके घेत गाणं म्हणत धावली.

परतल्यावर सायलेन्सर ओशाळून म्हणाला, "मिस्त्री, मलाही जरा सैल करा की."

"तू ताठच राहा, बाबा," मिस्त्री हसला. "तू सैल झालास तर आवाजाने अख्खं गाव गोळा होईल!"