मांडीवरचा सेल

पिनबॉलची यंत्रं गावोगावच्या खेळघरांत खणखणत होती, त्या काळची गोष्ट. एका यंत्राच्या पोटातला सर्किट बोर्ड बंद पडला. तसला दुसरा कुठेच मिळेना, तेव्हा कारागिराने त्याला समोर ठेवून नवा घडवायला घेतला.

धातू वितळवून सुटे भाग जोडणाऱ्या सोल्डरगनने विचारलं, "बोर्डकाका, हुबेहूब तुमच्यासारखाच ना?"

बोर्ड सुखावला. त्याच्या मांडीवरचा सेल लगेच म्हणाला, "म्हणजे मीही इथेच हवा! वीज गेली तरी खेळाडूंचे आकडे याच्या लक्षात कुणी ठेवले? मीच!"

ते खरंच होतं. पण याच सेलचं पाणी गळून बोर्डाच्या तांब्याच्या रेघा हिरव्या पडून झडल्या होत्या. जुनी सोबत म्हणून बोर्ड आजवर गप्प राहिला. आता शेजारी कोरा बोर्ड पडला होता, अंगावर डाग नसलेला.

"सोल्डरबाई," तो म्हणाला, "बाकी सगळं माझ्यासारखं कर. सेल मात्र वायर जोडून लांब बसव."

सेल उखडला. "मी काय परका झालो?"

"नाही रे बाबा. घरात ये, जेव, फक्त मांडीवर बसू नकोस."

नवा बोर्ड यंत्रात बसला, दिवे लागले, गोळी धावली. पुढे सेल गळलाच. पण भिजली ती फक्त त्याच्या खालची लाकडी फळी.