सारजाबाईचा आंबलेला लगदा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, बाळांनो. आणि बाळांच्या आजोबांनो, तुम्हीही नीट ऐका, कारण ही गोष्ट खरं म्हणजे तुमच्यासाठीच आहे.

एका डोंगराळ राज्यात कागदाच्या लगद्याचे मुखवटे करत. देवांचे, राक्षसांचे, वाघांचे. समुद्रापलीकडच्या देशांतली नाटकं त्या मुखवट्यांवाचून अडायची. दरसाल चैत्री पौर्णिमेला गलबत यायचं आणि मुखवटे भरून न्यायचं. त्या एका गलबतावर डिंक गोळा करणारे, रंग कुटणारे, गाडीवान, खानावळवाले, सगळ्यांच्या चुली पेटायच्या.

आणि राजाला याचा पत्ताच नव्हता! एके दिवशी परदेशचा वकील दरबारात म्हणाला, "महाराज, आमच्याकडे लहान मूलसुद्धा तुमच्या राज्याचं नाव घेतं. यंदा आमच्या राणीसरकारांना मोठे चाळीस मुखवटे हवेत. जमलं नाही तर मात्र त्या दुसरं बंदर बघतील."

राजाने त्यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. असा हरखला की विचारू नका! लगेच त्याने कीर्तिखातं उघडलं, प्रधानाला त्याचा मुख्य केलं आणि एकेक कारागीर उचलून तिथे नेऊन बसवला. काम काय? तर मुखवट्यांवर भाषणं करायची. कपाळ!

उरली एकटी सारजाबाई. ती म्हणाली, "मला भाषण येत नाही, मला लगदा कळतो." मग काय, चाळीसच्या चाळीस मुखवटे तिच्या एकटीच्या गळ्यात पडले. चाळीस दिवस हातात होते. रोज एक केला असता तर बरोबर पुरले असते.

आता लगद्याचं असं असतं, की रात्री भिजवलेला कागद सकाळी चिकटपणासाठी मेथी घालून कुटायचा आणि दुपारच्या आत साच्यावर चढवायचा. दुपार टळली की तो आंबतो, आणि मग फेकूनच द्यावा लागतो.

पहिल्या दिवशी सारजाबाईने कोपरापर्यंत हात लगद्यात घातले, तोच दारात ताशा वाजला. पालखी घेऊन प्रधान हजर!

"चला सारजाबाई, तुमचा सत्कार आहे."

"प्रधानजी, लगदा तयार आहे हो! उद्या करा."

"महाराज वाट बघताहेत. नाही म्हणता येत नाही."

गेली बिचारी. शाल, श्रीफळ आणि संध्याकाळपर्यंत भाषणं. घरी आली तर लगदा आंबलेला.

मग तर जवळजवळ रोजच ताशा. कधी कीर्ती पसरली म्हणून सत्कार, कधी आणखी पसरली म्हणून. एकदा तर सर्वांत जास्त सत्कार स्वीकारल्याबद्दल सत्कार! सारजाबाई चिडली, हात जोडले, एकदा तर रडली. "अहो, मला माझं काम करू द्या!" प्रधान कौतुकाने म्हणाला, "काय हा विनय!" आता अशा माणसापुढे कोणी डोकं फोडायचं?

चैत्री पौर्णिमा आली. बंदरात कमानी, तोरणं, हत्ती. गलबताचा तांडेल उतरला आणि म्हणाला, "मुखवटे?"

सारजाबाईने पेटी पुढे सरकवली. राजाने मोठ्या थाटात झाकण उघडलं. आत नऊ मुखवटे होते, आणि त्यांच्या शेजारी घडी घातलेल्या एकतीस शाली.

"हे काय?" राजा ओरडला.

"हिशेब चाळीसचाच आहे, महाराज," सारजाबाई म्हणाली. "ज्या ज्या दिवशी तुम्ही शाल दिलीत, त्या त्या दिवशीचा लगदा आंबला."

तांडेलाने नऊ मुखवटे घेतले आणि गलबत वळवलं. पुढच्या वर्षी ते आलं नाही. त्याच्या पुढच्याही वर्षी नाही. गाडीवानांचे बैल दावणीला बसून राहिले, खानावळींना कुलपं लागली.

राजा स्वतः सारजाबाईच्या दारी आला. "मी तुझा एवढा मान केला, आता आणखी काय करू?"

"काहीच करू नका," सारजाबाई वैतागून म्हणाली. "तेवढं जमतं का बघा!"

तेवढं शिकायला राजाला फार दिवस लागले. त्याने कीर्तिखातं मोडलं, कारागीर आपापल्या घरी परतले. पण भाषणांची सवय लागलेले हात पुन्हा वळायला चार वर्षं गेली. सातव्या वर्षी गलबत परत आलं, तेव्हा राजा आनंदाने हार घेऊन सारजाबाईकडे धावला. दारातून त्याने पाहिलं, तिचे हात लगद्यात होते.

राजाने हार दाराच्या खुंटीला अडकवला आणि पायाचा आवाज न करता परत फिरला.

बोध एवढाच: ज्या हातांनी राज्याचं नाव होतं, ते हात हारतुऱ्यांत अडकवू नयेत, कामाला मोकळे ठेवावेत.