गुणाबाईच्या भिंतीवरचा पाच पायांचा बैल

फार फार वर्षांपूर्वी, नदीला पूल नव्हता तेव्हा, टेकवडे गावात गुणाबाई राहायची. तिचं अर्धं आयुष्य भिंती सारवण्यात गेलं आणि उरलेलं पोरांना गोष्टी सांगण्यात. आता नीट ऐका. मधे बोलायचं नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी तिचा नवरा लिंबाजी गाडी जुंपून पलीकडच्या बाजाराला गेला, बैलांसाठी झूल आणि गोंडे आणायला. दुपारनंतर वर डोंगरात पाऊस कोसळला आणि नदी अशी फुगली की काठची झाडं निम्मी बुडाली. लिंबाजी परत निघालेला असणार, म्हणजे गाडी पाण्यातच. पोरं रडायला लागली. पण रडून गाडी येत नाही, हे गुणाबाईला ठाऊक होतं.

तिनं गेरू कालवला. भिंतीवर लांब रेघ ओढली. "ही नदी. आता एकेकानं काढायचं, आणि काढलं त्याची गोष्ट सांगायची."

थोरल्यानं गाडी काढली. मधल्यानं बाप काढला, मिशा गाडीपेक्षा मोठ्या. धाकट्या यमीनं बोटानं बैल काढला, अन् त्याला पाय दिले पाच.

सासरा खेकसला, "बैलाला पाच पाय असतात व्हय गं? सणासुदीचा अपशकुन." आणि ओलं फडकं घेऊन उठला.

गुणाबाईनं सासऱ्यापुढं कधी मान वर केली नव्हती. त्या दिवशी तिनं त्याचा हातच धरला. "राहू द्या मामंजी. तिची गोष्ट व्हायचीय अजून." मग वाकून विचारलं, "पाचवा कशाला गं यमे?"

"चार पाय पाणी ओढतं," यमी म्हणाली. "हा धरून ठेवायला."

असं म्हणतात, की तेवढ्यात भिंतीवरची रेघ हलली. गेरूला लाटा आल्या. बैलानं शेपूट झाडलं, म्हाताऱ्याच्या धोतरावर लाल शिंतोडे उडाले. पोरं रडायचं विसरली आणि बैलाला हाकायला लागली, "ओढ रं, ओढ." सगळ्यात मोठा आवाज म्हाताऱ्याचा. फडकं कुठं पडलं ते आजवर सापडलेलं नाही.

दिवेलागणीला गाडी दारात आली. लिंबाजी चिखलानं माखलेला. म्हणाला, "मधल्या धारेत बैलांचे पाय सुटले. पण एक पाय कुठंतरी टेकलेलाच होता. तो काही सुटला नाही."

गुणाबाईनं भिंतीकडं बघितलं. बैल जागेवर होता. पाचव्या पायाला ओला चिखल होता. असं म्हणतात, आणि ज्याला पटत नाही त्यानं उठून जावं.

टेकवड्यात अजून पोळ्याला घरोघरी भिंतीवर बैल काढतात. गेरू आधी पोरांच्या हातात, मोठ्यांनी मागून. ज्याच्या हातात फडकं दिसेल त्याला ही गोष्ट सांगितल्याशिवाय पुरणपोळी नाही. परगावचा कुणी ना कुणी नवा जावई दर वर्षी हसतोच, "हा कसला बैल?"

मग घरातलं सगळ्यात लहान पोर पाचव्या पायावर बोट ठेवतं. "हा धरून ठेवायला, दाजी."