‘ये’ म्हटल्याशिवाय नाही

एक गाव होतं, पण ते एका जागी राहत नसे. आज कृष्णेकाठी दिसलं, तर पुढच्या आठवड्यात घाटाखाली. त्या गावात घरं नव्हती, तंबू होते. वेशीवर मारुती नव्हता, हत्तीण होती. आणि पाटलाच्या जागी होते अंताजीपंत. पिळदार मिशा, हातात चाबूक. आगगाडी अजून सगळीकडे पोचली नव्हती तेव्हाची ही गोष्ट, त्यामुळे सगळं गाव बैलगाड्यांतून हिंडायचं. पंतांची सर्कस आली म्हणताच पोरं भरली ताटं सोडून माळावर धावत, आणि पोरांना परत आणायच्या निमित्ताने मोठी माणसंही मागोमाग धावत.

सर्कशीत वाघ होते, घोडे होते, विदूषक होता. पण लोक खरे यायचे ते सारजेसाठी. तंबूच्या शेंड्याखाली ती झोपाळ्याला लटकून उंच उंच हेलकावे घ्यायची. मग एकदम हात सोडायची, हवेत दोन कोलांट्या मारायची, आणि समोरच्या झोपाळ्यावर गुडघ्यांनी उलटा लटकलेला तिचा थोरला भाऊ मल्हारी तिला मनगटाला धरून झेलायचा. बघणाऱ्यांच्या काळजाचा ठोका चुकायचा. पुढच्या क्षणी टाळ्यांनी कनाती थरथरायच्या.

या उडीची एक रीत होती. आपल्याकडे घरातून निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतं. या तंबूत तर ‘जा’ हा शब्दच कुणी तोंडातून काढत नसे. झोपाळा सोडण्याआधी सारजा म्हणायची, ‘दादा, येते.’ समोरून मल्हारी म्हणायचा, ‘ये.’ मगच तिची बोटं सुटायची. हे बोलणं एकमेकांना ऐकू जावं म्हणून बँड तेवढ्यापुरता थांबायचा. आणि झेलणं जमणारच नसेल, तर मल्हारीने ‘जा’ म्हणायचं, असं त्यांच्या आबांनी दोघांना लहानपणीच शिकवून ठेवलं होतं. तशी वेळ कधी आली नव्हती.

माणसाचं नाव झालं की त्याला जुन्या रीती टोचायला लागतात. सारजेचंही तसंच झालं. गावोगावच्या भिंतींवर तिची चित्रं लागली, आणि तिला वाटू लागलं, एवढी मोठी मी, अन् भरल्या तंबूत लहान मुलीसारखी भावाची परवानगी काय मागत बसते. पंतांचं दुखणं वेगळंच होतं. बँड थांबला की लोक खोकतात, तान्ही पोरं रडतात, खेळाचा सगळा रंग उतरतो, असं त्यांचं म्हणणं. दोघांचं छान जमलं. यापुढे बँड थांबवायचा नाही, असं ठरलं.

मल्हारीने वाद घातला नाही. तो एवढंच म्हणाला, ‘बघ बाई, माझा शब्द मी टाकणारच. ऐकायचा का न्हाई, ते तुझं तू बघ.’

तेव्हापासून ढोल-ताशांच्या आणि कर्ण्यांच्या दणदणाटात उडी व्हायला लागली. सारजेला ताल पाठ होता. उडी बरोबर बसायची आणि लोक वेडे व्हायचे. खुर्च्यांवर उभे राहून फेटे उडवायचे.

पावसाळा तोंडावर आला, तेव्हा एका संस्थानाच्या राजेसाहेबांचा निरोप आला. उडी जाळ्याशिवाय करून दाखवा, आम्ही खूश झालो तर पावसाळाभर राजवाड्याची रिकामी पागा तुमची. पक्कं छप्पर. घोड्यांना, हत्तिणीला, लेकराबाळांना कोरडी जागा. पंत आनंदाने नाचायचेच काय ते राहिले. जाळं गुंडाळून गाडीत पडलं.

खेळाच्या दिवशी तंबूत मुंगी शिरायला जागा नव्हती. गॅसबत्त्या लखलखत होत्या. पुढच्या खुर्चीत राजेसाहेब बसले होते. सारजा शिडी चढू लागली आणि हजार तोंडांतून तिचं नाव निघालं. तिने झोपाळा धरला, झोका घेतला, दुसरा घेतला. खाली नजर गेली. जिथे रोज जाळं दिसायचं, तिथे आज नुसती कडक जमीन होती.

आणि तिला अचानक तो शब्द हवासा वाटला. ती ओरडली, ‘दादा, येते.’ बँडने ते गिळून टाकलं. समोर मल्हारीचे ओठ हलले. काय म्हणाला तो? ताल बरोबर होता, तो नेमक्या जागी होता, त्याचे दोन्ही हात खाली लोंबत होते. खालून लोक ओरडत होते, ‘उडी मार, सारजे, उडी मार.’ नाही मारली तर छप्पर जाणार, अब्रू जाणार. तिची बोटं सैल झाली. पण ‘ये’ काही कानावर आलं नव्हतं.

तिने बोटं घट्ट आवळली, मागे झोका घेतला आणि फळीवर पाय टेकले. मग ती शिडी उतरू लागली.

तंबूत एकच हुर्यो उठली. शेंगांची टरफलं तिच्या अंगावर आली. राजेसाहेब उठून चालते झाले. पंत लालबुंद होऊन धावत आले. ‘सगळ्यांचं छप्पर घालवलंस, सारजे. का नाही सोडलास झोपाळा?’

‘दादाचं ‘ये’ ऐकू आलं नाही,’ सारजा म्हणाली.

तेवढ्यात मल्हारी शिडीवरून खाली आला, एका हाताने धरत, एकेक पायरी चाचपत. त्याचा उजवा हात खांद्यातून निखळला होता. दुसऱ्या झोक्यालाच तो गेला होता. वेदनेने त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

‘मी ‘ये’ म्हणालोच नव्हतो, सारजे,’ तो म्हणाला. ‘आबांनी शिकवलेला दुसरा शब्द म्हणालो होतो.’

पंतांच्या हातातला चाबूक गळून पडला. सारजा भावाच्या पायाशी बसून ढसाढसा रडली. पंतांनाही रडू आवरलं नाही.

पागा गेली ती गेलीच. त्या पावसाळ्यात सर्कस एका आमराईत गळक्या तंबूंखाली राहिली. अंथरुणं ओली, चूल पेटेना, हत्तीण चिखलात उभी. पण पंगतीला बसलं की एकही पान कमी नसायचं, आणि ते बघून पंत रोज दोन घास जास्त जेवायचे.

दिवाळी झाली. मल्हारीचा खांदा बरा झाला आणि सर्कस पुन्हा राजेसाहेबांच्या गावात आली. खरी हकिकत एव्हाना सगळीकडे पोचली होती. तंबू पुन्हा खचाखच भरला. राजेसाहेब पुन्हा पुढच्या खुर्चीत आले. खाली जाळं बांधलं होतं. सारजा वर चढली, झोके घेऊ लागली. पंतांनी चाबूक उंच केला आणि बँड गप्प झाला.

‘दादा, येते.’

मल्हारीने तोंड उघडायच्या आत सगळा तंबू ओरडला, ‘ये, ये!’ म्हातारे ओरडले, पोरं ओरडली, राजेसाहेबसुद्धा भान विसरून खुर्चीतून उठले आणि म्हणाले, ‘ये!’

सारजेने झोपाळा सोडला नाही. ती झोके घेत राहिली, हसत राहिली, मान हलवत राहिली. हळूहळू लोकांच्या ध्यानात आलं. एकेक जण गप्प झाला. राजेसाहेब खाली बसले. तंबूत इतकी शांतता झाली की झोपाळ्याच्या दोराची करकर ऐकू यायला लागली.

मग समोरून मल्हारी म्हणाला, ‘ये.’

आणि सारजेने हात सोडले.

तात्पर्य: उडी मार म्हणणारे हजार भेटतात, कान द्यावा तो झेलणाऱ्याच्या शब्दाला.