तीन चुलींची पंगत

एका राज्यात डोंगरातले, नदीकाठचे आणि वनातले असे तीन जातींचे लोक नांदत होते. नांदत कसले, बारा वर्षे एकमेकांच्या उरावर बसले होते. अखेर तलवारी म्यान झाल्या. पण युद्धावर पोसलेल्या एका मांत्रिकाला ते रुचले नाही. त्याने राणी सुवर्चेच्या सात वर्षांच्या लेकीला, इरावतीला, दगड केले. "तिन्ही लोक राजीखुशीने एका पंगतीला जेवतील, तेव्हाच ही उठेल," एवढे बोलून तो धूर होऊन गेला.

राणी रोज त्या गार गालावर हात ठेवी. तिला धीर कुठला? तिने फर्मान काढले: घरोघरच्या चुली विझवा, सारे राजवाड्याच्या एकाच चुलीवरचे जेवा. तीन दिवस लाकडे जळली, पण एवढ्या लोकांचा भात एका चुलीवर कच्चाच राहिला. उपाशी लोक पुन्हा भाल्यांकडे पाहू लागले.

तेव्हा वाड्यातली बोलकी साळुंकी म्हणाली, "राणीसाहेब, ज्याच्या घरची चूल विझली तो पाहुणा नव्हे, आश्रित. तिन्हीकडे जा. आपल्या हाताने चूल पेटवा आणि काय हवे ते विचारा."

राणी पायी निघाली. डोंगरातला नाईक म्हणाला, "आमचे तंटे आमच्या भाषेत, आमच्या पारावर सुटावेत."

"सुटतील."

नदीकाठचे म्हणाले, "धरणाची दारे आमची आम्ही उघडू."

"उघडा. पण खालची गावे तहानेली ठेवू नका." त्यांनी मान्य केले.

वनात सगळ्यांच्या वतीने बोलणारी कांदुरी नावाची म्हातारी होती. युद्धात राणीच्या सैन्याने तिचे दोन मुलगे मारले होते. राणीने गुडघे टेकून चूल फुंकली. डोळे वाहत होते, आणि ते काही नुसत्या धुराने नव्हे.

"काय देऊ, आजी?"

"माझी मुले देशील?"

"ते माझ्या हाती नाही."

म्हातारीने चुलीत एक लाकूड पुढे सारले. "मग देवराईत तुझी कुऱ्हाड नको. आणि माझ्या मुलांची नावे भर दरबारात घे."

"घेईन."

राणीने तिन्हीकडे दिलेले शब्द पाळले. मग ठरल्या दिवशी जो तो आपल्या चुलीवरचे घेऊन आला: नाचणीची भाकरी, मासे, भाजलेले कंद. दगड झालेल्या इरावतीजवळ एकच पंगत बसली. पहिला घास उचलला गेला आणि दगडाच्या पापण्या हलल्या.

"आई, भूक लागली."

राणी धावली, पण कांदुरी जवळ बसली होती. तिने कंद कुस्करून घास पुढे केला, आपल्या वनातल्या भाषेत काहीतरी पुटपुटली. राणीला एक शब्दही कळला नाही. लेकीने मात्र आ केला. आपले खरे राज्य त्या घासापासून सुरू झाले, असे तिथले लोक अजून सांगतात.