काचेसमोरचा नाच

फार वर्षांपूर्वी रत्नागिरीच्या हेमांगीताईंच्या घरी, काचेच्या पेटीत एक छोटा समुद्र नांदत होता. तिथे शेवाळ इतकं माजलं, की पोवळी गुदमरू लागली. म्हातारी गोगलगाय दिवसभर काच साफ करी, पण सकाळी ती पुन्हा हिरवीगार.

"किती खाशील, म्हातारे?" शेवाळ हसलं. "मला जेवू घालणारे तुझ्याच घरात आहेत!"

तेवढ्यात हेमांगीताई आल्या. सगळे मासे काचेपाशी धावत जाऊन नाचू लागले. "भुकेली गं माझी बाळं!" म्हणत ताईंनी दिवसातली खाण्याची पाचवी चिमूट टाकली. माशांची पोटं भरलेलीच होती. उरलेलं तळाशी कुजलं आणि शेवाळाने ते फस्त केलं.

गोगलगाय कडाडली, "उद्यापासून नाच एकदाच, खरी भूक लागेल तेव्हा!"

"ताईंना वाईट वाटेल," मासे कुरकुरले.

"वाटू दे. पोवळी मेली तर लपाल कुठे?"

दुसऱ्या दिवसापासून मासे एकदाच नाचायचे, मग दिवसभर पोवळ्यांआड दडून बसायचे. ताई पुन्हा चिमूट घेऊन यायच्या आणि तशाच परत जायच्या. महिन्याभरात शेवाळ वाळकुडं झालं, पोवळी फुलली.

"मला कुणी हरवलं?" शेवाळाने क्षीण आवाजात विचारलं.

"कुणीच नाही. आम्ही फक्त तुझं ताट उचललं," गोगलगाय म्हणाली, आणि शेवटचा घास तिने चवीने खाल्ला.